'न्यू एज ऑफ अर्थ': गिटारवादकाचा सिंथेसायझर अल्बम, आणि तो कुठल्या आवृत्तीत ऐकावा

जर्मन गिटारवादक मानुएल ग्योट्शिंगचा 'न्यू एज ऑफ अर्थ' हा अल्बम 1976 मध्ये आधी फ्रान्समधल्या इसाडोरा या छोट्या लेबलवर निघाला, तोही 'अ‍ॅश रा टेम्पल' या जुन्या बँडच्या नावानं. 1977 मध्ये व्हर्जिन या लेबलनं तो नवं मुखपृष्ठ लावून परत काढला, तेव्हा नाव आखूड होऊन 'अश्रा' झालं. म्हणजे जर्मनी-फ्रान्सबाहेरच्या बहुतेकांच्या कानावर हा अल्बम पडला तोच पुनर्प्रकाशनातून. पुढे सीडी निघाल्या, आणि ग्योट्शिंगच्या स्वतःच्या एमजी.आर्ट लेबलवरची आवृत्तीही आली.

पश्चिम बर्लिनमधल्या स्टुडिओ रोमात तो एकट्यानं वाजवला. वाद्यं मोजकी: एआरपी ओडिसी आणि ईएमएस सिंथी ए हे सिंथेसायझर, फारफिसाचा सिंटऑर्केस्ट्रा हा कीबोर्ड, एकोचं कॉम्प्युटरिदम हे तालयंत्र, सिक्वेन्सर (ठरवलेली स्वरमाळा आपोआप फिरवत ठेवणारं यंत्र) आणि गिटार. ओडिसीवर एका वेळी जास्तीत जास्त दोन स्वर वाजतात. त्यामुळे पसरलेले तंतुवाद्यांसारखे कॉर्ड (एकदम वाजणारे अनेक स्वर) फारफिसावर, आणि धावणाऱ्या स्वरमाळा ओडिसी-सिंथीवर, अशी वाटणी ओघानंच होते. 'सनरेन' या पहिल्या गाण्यात हे दोन थर अगदी स्पष्ट वेगळे ऐकू येतात.

गिटार या अल्बमवर फार कमी आहे, तरी तो गिटारवादकाच्याच डोक्यातून आलाय हे पटायचं असेल तर आधी 1975 चा 'इन्व्हेन्शन्स फॉर इलेक्ट्रिक गिटार' ऐकावा. त्यात एकही सिंथेसायझर नाही. टीअ‍ॅकचं चार ट्रॅकचं ए3340 टेप मशीन, प्रतिध्वनीसाठी रेव्हॉक्स ए77 हे दुसरं टेप मशीन, वा-वा पेडल, व्हॉल्यूम पेडल, शालरचं रोटोसाउंड हे आवाजाला गरगरता रंग देणारं यंत्र आणि हवाईयन गिटारची पोलादी पट्टी, एवढ्यावर तो उभा आहे. ऐकताना मात्र सिक्वेन्सर चालल्यासारखा वाटतो. हे होतं कसं, ते कळलं की पुढचा अल्बम उलगडतो.

टेप मशीनमध्ये रेकॉर्ड हेड आणि प्लेबॅक हेड यांच्यात थोडं अंतर असतं. आवाज पहिल्यावर नोंदला जातो आणि टेप दुसऱ्यापर्यंत पोचली की परत ऐकू येतो. अंतर 3.5 सेंटिमीटर धरलं, तर सेकंदाला 19 सेंटिमीटर वेगानं 184 मिलिसेकंदांचा आणि 9.5 सेंटिमीटर वेगानं 368 मिलिसेकंदांचा उशीर मिळतो. मधलं काही हवं असेल तर टेपचा वेग बदलण्याची वेगळी सोय लागते, नाहीतर वादकानं आपली लय मशीनशी जुळवायची. आठव्या भागाचे, म्हणजे एका ठोक्याला दोन, असे स्वर सरळ वाजवायचे आणि उशीर पाऊण ठोक्याचा ठेवायचा. प्रतिध्वनी बरोबर मधल्या रिकाम्या जागांत पडतात आणि ठोक्याला चार स्वर ऐकू येतात. हात मात्र दोनच वाजवतो.

आज हे सॉफ्टवेअरमध्ये करायला गणित एवढंच: 45,000 भागिले मिनिटाचे ठोके, म्हणजे उशीर मिलिसेकंदांत. 120 ठोक्यांना 375. फीडबॅक, म्हणजे प्रतिध्वनीचा परत आत सोडलेला भाग, 50 टक्के ठेवला की प्रत्येक आवृत्ती 6 डेसिबलनं उतरते, म्हणजे दहा आवृत्त्यांत, पावणेचार सेकंदांत, आवाज 60 डेसिबल खाली. 70 टक्क्यांवर तेवढंच उतरायला सात सेकंदांहून जास्त लागतात, आणि तेवढ्यात कॉर्ड बदलला तर जुने स्वर नव्यात मिसळून चिखल होतो. म्हणून ही पद्धत एकाच कॉर्डवर किंवा सावकाश बदलणाऱ्या कॉर्डवर खुलते. या संगीताचा संथपणा मला यंत्राच्या या मर्यादेतूनच आलेला वाटतो, आणि तेच त्याचं वैभव आहे.

फीडबॅकच्या वाटेत 4 ते 5 किलोहर्ट्झवर लो-पास फिल्टर (त्यावरचे उंच सूर कमी करणारा) लावावा. टेपवर दर फेरीला वरचे सूर बोथट होत जातात, डिजिटल डिले (सॉफ्टवेअरमधलं उशीर देणारं साधन) ते करत नाही आणि प्रतिध्वनी मूळ स्वराइतकेच टोकदार राहून कानाला टोचतात. उशीर 10 मिलिसेकंद चुकला तर पहिल्या प्रतिध्वनीत लक्षात येत नाही, चौथ्यापर्यंत चूक 40 वर जाते आणि ठोके दुहेरी पडल्यासारखे वाटतात. व्हॉल्यूम पेडल डिलेच्या आधी जोडावं. त्यानं स्वर फुगत येतो आणि शेपूट आपापलं विरतं. नंतर जोडलं तर पाय मागे घेताच शेपूटही कापलं जातं. तळहातानं तारा किंचित दाबून वाजवलं की स्वर तोकडे राहतात आणि प्रतिध्वनीला जागा मिळते.

आता आवृत्तीचा प्रश्न. एलपीच्या पहिल्या बाजूला 'सनरेन' 7:26, 'ओशन ऑफ टेंडरनेस' 12:36 आणि 'डीप डिस्टन्स' 5:46, एकूण 25:48. एका बाजूसाठी हे बरंच लांब आहे. ग्रूव्ह, म्हणजे तबकडीवरच्या खाचा, दाटीनं बसवावे लागतात, त्यासाठी आवाजाची पातळी उतरवतात, आणि मग तबकडीची खरखर तुलनेनं वर येते. शिवाय 'डीप डिस्टन्स' येतो लेबलजवळ. 33⅓ फेऱ्यांना बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण 51 सेंटिमीटर ग्रूव्ह सरकतो, आत जेमतेम 21. त्याच तपशिलाला निम्म्याहून कमी जागा मिळते, म्हणून त्यातली टिकटिकती लय फाटल्यासारखी किंवा मऊ पडलेली ऐकू येते. दोष दाबणीचाच असेल असं नाही. लंबगोल टोकाची किंवा त्याहून बारीक घडणीची सुई, प्रोट्रॅक्टरवर, म्हणजे कोन मोजायच्या पट्टीवर, नीट बसवलेलं कार्ट्रिज (सुई बसवलेला भाग) आणि कंपनीनं दिलेल्या मर्यादेत सुईचं तबकडीवर वरच्या अंगाचं वजन, एवढ्यानं बराच फरक पडतो. वजन कमी ठेवून तबकडी वाचत नाही. सुई उडते आणि ग्रूव्हच्या भिंती खरवडते.

दुसऱ्या बाजूला एकटा 'नाइटडस्ट', 21:48. लांबी ठीक आहे, पण सुरुवात फार हळू आवाजात होते, त्यामुळे धुळीचा प्रत्येक कण बोलतो. वाजवण्याआधी कार्बन ब्रश फिरवावा, आणि तबकडी नवी असली तरी एकदा धुऊन घ्यावी, कारण छापखान्यातला कागदाचा कचरा पाकिटातच असतो. विलंबित ख्याल ऐकणाऱ्याला ही लांबी जड जाणार नाही. उत्तरार्धात गिटार पुढे येते तेव्हा आधीचा सगळा वेळ कामी येतो.

माझा कौल: पहिली बाजू सीडीवर किंवा फाइलवर ऐकावी, 'डीप डिस्टन्स'साठी तर नक्कीच. 'नाइटडस्ट'साठी चांगली दाबलेली एलपी घ्यायला हरकत नाही. फाइल ऐकताना प्लेअरमधलं आवाज समान करणारं सेटिंग प्रत्येक गाण्यानुसार न ठेवता अल्बमनुसार ठेवावं, नाहीतर 'नाइटडस्ट' आणि 'सनरेन' एकाच पातळीवर येतात आणि अल्बमचा चढउतार सपाट होतो. इथून पुढे ग्योट्शिंगचाच 'ई2-ई4' घ्यावा. तो 12 डिसेंबर 1981 ला एका बैठकीत वाजवला गेला, 1984 मध्ये निघाला, आणि जवळपास तासभराचा आहे. एलपीवर त्याचे दोन तुकडे होतात, म्हणून तो सीडीवरच सलग ऐकावा.