पाण्यापलीकडची वाडी आणि दहा डिसेंबरची रात्र

वासोटा किल्ल्याबद्दल या वेळी लिहीत नाही. वासोटा झाला, बाबूकडा पाहिला, पोटऱ्या भरून आल्या, एवढं पुरे. लिहायचं आहे ते त्याच्या दुसऱ्या रात्रीबद्दल.

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासवरून, कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी, बामणोलीला उतरलो. सप्टेंबरात जिथे गाडी लावायला जागा मिळत नाही, त्या पठारावर डिसेंबरात पिवळं गवत आणि वारा, बस्स. मला पठार असंच आवडतं. बामणोलीच्या धक्क्यावर मात्र गर्दी होती. सगळ्यांना वासोटा आणि टेंटची घाई. मला पलीकडच्या तीरावरच्या एका वाडीत जायचं होतं. तिथले तात्या मुंबईत माथाडी कामगार म्हणून पस्तीस वर्षं राबून गावी परत आलेले. माझ्या वडिलांचे जुने स्नेही, म्हणून हक्काचं घर.

वाडीत पंधरा उंबरे, त्यातल्या सात घरांना कुलूप. गणपती आणि शिमग्यालाच ती उघडतात. उरलेल्या घरांत म्हातारी माणसं, दोन-तीन सुना आणि कुत्री. भात कधीच घरात आलं होतं. नाचणी झोडपून झालेली, पण पाखडायची बाकी होती. दुपारभर अंगणात सुपांचा आवाज चालला होता. बाया राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, झाडांची कवळं तोडून भारे डोक्यावर घेऊन उतरत होत्या. थंडीचे दिवस म्हणजे इथे निवांत दिवस असं मला वाटायचं. तसं काही नाही. पावसाळ्यात पावसाने कोंडलेली सगळी कामं याच तीन महिन्यांत उरकायची असतात, कारण पुढे पाणी हटतं आणि येणं-जाणंच अवघड होतं.

संध्याकाळी सातला वीज गेली ती गेलीच. तात्यांनी न बोलता कंदील लावला, म्हणजे हे रोजचंच. मला मात्र राग आला. याच शिवसागराचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पोफळीकडे उतरतं, १९६० मेगावॉटचा प्रकल्प त्यावर उभा आहे, सगळा महाराष्ट्र कोयनेला भाग्यरेषा म्हणतो. आणि ज्यांची भातखाचरं त्या पाण्याखाली गेली त्यांच्या ओसरीवर कंदील. हे मला पटत नाही आणि पटूही नये.

जेवायला नाचणीची भाकरी, हुलग्याचं माडगं आणि मिरचीचा खरडा. घोंगडीवर आडवा झालो, पण झोप लागेना. समोरच्या तीरावर कुणीतरी तंबू ठोकून स्पीकर लावले होते. पाण्यावरून आवाज फार लांब येतो. अभयारण्याच्या उशाशी मध्यरात्रीपर्यंत ढोलाचा ठेका चालू. तात्या म्हणाले, "शनिवार-रविवारी असंच. आम्ही राहू द्या, जनावर कुठं जाईल?" मीही तरुणपणी असल्या शेकोट्यांभोवती नाचलो आहे. आवाज पलीकडे कुणाच्या उशाशी पोचत असेल, हा विचार तेव्हा एकदाही मनात आला नव्हता. त्याची लाज त्या रात्री वाटली.

कधीतरी आवाज थांबला. डोळा लागतो न लागतो तोच चुलीच्या खोलीतून लाकडं सारल्याचा आवाज आला. बाहेर काळोख, कोंबडंसुद्धा आरवलं नव्हतं. तात्यांची आई चुलीपुढे बसलेली, अंगावर घोंगडी. वय ऐंशीच्या पुढे. हातपाय अजून चालते.

"झोप न्हाई का लागली, बाळा?"

"तुम्ही का जाग्या, आजी?"

"आजची तारीख न्हवं का. आज जाग येतीच."

मला क्षणभर कळलं नाही. मग लक्षात आलं, अकरा डिसेंबर उजाडत होता. ११ डिसेंबर १९६७, पहाटे चार वाजून एकवीस मिनिटं, कोयनेचा भूकंप. साडेसहा रिश्टरच्या आसपासचा. माझ्या शाळेच्या पुस्तकात तो दोन ओळींत होता.

आजींनी गवती चहा घालून कोरा चहा टाकला आणि सांगायला लागल्या. मधेमधे जाळ पुढे सारायच्या.

"लगीन होऊन आले, त्याच्या दुसऱ्या सालाला खालचं गाव पाण्यात गेलं. भाऊबंद कुणी सोलापुराकडं गेलं, कुणी रायगडाकडं, ठाण्याकडं. आमच्या सासऱ्यांनी पाय काढला न्हाई. हितं वर येऊन कूड घातला. पाच-सा वर्सं झाली असतील, तवर हे आलं. ह्यो अंगावर पीत होता." ह्यो म्हणजे तात्या, आतल्या खोलीत घोरत असलेले. "आधी कुत्री केकाटली. मग फळीवरची भांडी वाजाय लागली. मला वाटलं, गवा शिरला परड्यात. मग जमीनच चालाय लागली, बाळा."

त्यांनी हाताने भिंत दाखवली. कारवीच्या काठ्यांचा कूड, वरून शेणमातीचा गिलावा. मूळ घरातली ही एवढी एकच भिंत तात्यांनी राखली आहे, बाकी सगळं विटांचं. "ह्यो कूड सुपागत झुलला. पडला न्हाई. शेजारी दगडाचं घर होतं, मोठ्या हौसेनं बांधल्यालं. त्येच बसलं खाली."

त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगर परिसर उद्ध्वस्त झाला. दगडमातीच्या जड भिंतींनी बळी घेतले आणि हलकी कुडाची घरं तगली, हे मी पुढे वाचलं. पण कंदिलाच्या उजेडात त्या कुडावर हात ठेवला तेव्हा ते खरं कळलं. गिलावा एका जागी निघाला होता आणि आतल्या कारवीच्या काठ्या धुराने काळ्या, गुळगुळीत झाल्या होत्या. अंगठ्याएवढ्या जाड. तेवढ्यावर एक बाळ वाचलं.

मी म्हटलं, "आजी, पाणी साठल्यामुळे हे धक्के बसतात असं शास्त्रज्ञ म्हणतात. खोऱ्यात तीन किलोमीटर खोल भोक पाडून अभ्यास चाललाय."

"मग काय घावलं खाली?"

"अभ्यास चालूच आहे."

त्यांनी मान हलवली. मग एक गोष्ट केली, जी मी विसरणार नाही. चुलीजवळच्या सारवलेल्या जमिनीवर त्यांनी उजवा तळवा पालथा ठेवला, बोटं पसरून, आणि डोळे मिटून तशाच बसल्या. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा. किती वेळ ते सांगता येणार नाही. चहा उतू जाऊन निखाऱ्यावर चरचरला, तरी त्यांनी हात काढला नाही. मग काढला आणि म्हणाल्या, "निजलीय." अजूनही अधूनमधून धक्के बसतातच, बारीक. वाडीतली माणसं जेवता जेवता नुसती थांबतात आणि परत घास घेतात.

उजाडलं. पाण्यावर धुकं असं बसलं होतं की समोरचा डोंगर नुसता वरचा अर्धा दिसत होता. गवतावर दहिवर. आजी सूप घेऊन अंगणात बसल्याही होत्या. राहिलेली नाचणी पाखडायला.

लाँच नऊला आली. थंडीत पाणी भरलेलं असतं, त्यामुळे ती अगदी वाडीच्या बांधापर्यंत येते. तात्यांनी पायलीभर नाचणी पिशवीत घातली. मी म्हटलं, पुढच्या थंडीत येतो, तेव्हा चिखल नसतो. आजी बांधावर आल्या होत्या.

"थंडीत नगं. मे म्हैन्यात ये. चिखलातनं चालाय लागंल, पर पाणी हटलं की आमच्या जुन्या घराचं जोतं उघडं पडतं. तुला दावते."

लाँचवाल्याला विचारलं, मेमध्ये लाँच कुठपर्यंत येते. त्याने लांब, पाण्याच्या मधोमध बोट दाखवलं.