मोझेलच्या काठावरची जुनी गावं आणि आमचे आप्पा

जर्मनी म्हटलं की सगळे बर्लिन, म्युनिक नायतर ब्लॅक फॉरेस्ट सांगतात. माझं मत विचाराल तर तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ या सांगलीकडच्या द्राक्षपट्ट्यातल्या माणसानं आधी मोझेल नदी बघावी. ट्रिअरपासून कोब्लेन्झपर्यंत नदी नुसती वळणं घेत जाते आणि दोन्ही काठांना जुनी गावं, त्यांच्यावर द्राक्षाचे डोंगर. डोंगर म्हणजे खरंच डोंगर, भिंतीसारखे उभे. ताई फ्रँकफर्टला असते, तिनं आप्पांना आणि मला बोलावून घेतलं, बागेकडं धाकटा भाऊ होता म्हणून जमलं. आप्पांची उभी हयात द्राक्षात गेली, त्यामुळं किल्ले-चर्च बघायच्या आधी त्यांची नजर वेलाच्या काडीवर जायची, आणि खरं सांगतो, त्यांच्यामुळं मला ती गावं जास्त कळली.

सुरुवात ट्रिअरला केली. रोमन लोकांनी इसवी सनापूर्वी १६ च्या आसपास वसवलेलं शहर, चौथ्या शतकात तर रोमन सम्राट इथं राहायचे. गावाच्या तोंडालाच पोर्टा निग्रा हा काळाभोर दरवाजा, साधारण इसवी सन १७० चा. मोठमोठे वालुकाश्माचे दगड चुन्याशिवाय एकावर एक ठेवून लोखंडी पट्ट्यांनी जोडलेले होते, पुढं मध्ययुगात लोकांनी त्या पट्ट्यांचं लोखंड काढून नेलं, त्याची भोकं अजून दगडात दिसतात. मग हा दरवाजा टिकला कसा? तर अकराव्या शतकात सिमिऑन नावाचा एक साधू यात कोंडून घेऊन राहिला, तो गेल्यावर तिथं चर्च झालं आणि चर्च झालं म्हणून कुणी दगड काढून नेले नाहीत. नंतर नेपोलियननं ते चर्च काढायला लावलं आणि आतला रोमन दरवाजा परत उघडा झाला. पलीकडं रोमन सम्राट कॉन्स्टंटाइनची बॅसिलिका, आत ६७ मीटर लांब आणि ३३ मीटर उंच आणि मधी एक खांब नाही. सम्राटाचा दरबार होता तो, आज तिथं दर रविवारी प्रार्थना चालते. मला त्या सगळ्या प्रवासात हेच दिसत राहिलं, जी वास्तू कुणाच्या तरी रोजच्या कामाची राहिली ती टिकली.

ट्रिअरच्या म्युझियममध्ये एक दगडी जहाज आहे, नोयमागेन गावात १८७८ ला सापडलेलं. थडग्यावरचं शिल्प आहे, वल्ही मारणारी माणसं आणि मधी वाईनची पिंपं. आप्पा तिथनं हलेचनात. "म्हंजे ह्यांचा माल तवापासनं भाईर जातोय," एवढंच म्हणाले.

पण माझं मन सगळ्यात जास्त रमलं ते बर्नकास्टल-कूसला. नदीच्या एका काठाला बर्नकास्टल, लाकडी चौकटींची तिरकी घरं, त्यात १४१६ चं एक अरुंद घर असं आहे की खाली निमुळतं आणि वर फुगलेलं. ते बघायला गर्दी असते. पूल ओलांडून कूसला मात्र त्यामानानं कमी लोक येतात, आणि खरी गोष्ट तिथं आहे. निकोलाउस नावाचा माणूस या कूसमध्ये १४०१ ला जन्मला, मोठा विद्वान, पुढं कार्डिनल म्हणजे पोपच्या खालोखालचा धर्मगुरू झाला, पृथ्वी ही विश्वाचा स्थिर मध्य नाही असं कोपर्निकसच्या आधी शंभर वर्षं लिहून गेला. त्यानं आपल्या जन्मगावात १४५८ ला गरीब वृद्धांसाठी एक आश्रम काढला, ३३ माणसांचा, येशूच्या वयाची जितकी वर्षं तितकी माणसं. आणि आश्रमाला नुसते पैसे देऊन थांबला नाही, द्राक्षाच्या बागा लावून दिल्या. त्या बागांच्या उत्पन्नातून आश्रम चालायचा. आज साडेपाचशे वर्षं उलटली, म्हातारी माणसं अजून तिथं राहतात, आश्रमाची वाईन अजून निघते, आणि त्याच आवारात त्याच्या हस्तलिखितांचं ग्रंथालय आहे. तो स्वतः १४६४ ला इटलीत वारला, देह रोममध्ये पुरला, पण काळीज इथं कूसच्या चॅपलमध्ये आणून ठेवलंय.

ताईनं हे सगळं आप्पांना समजावून सांगितलं. आप्पा बराच वेळ त्या अंगणात बसून राहिले. मग म्हणाले, "देणगी कुणीबी देतंय गं, पर दरसाल छाटाय लागंल अशी देणगी दिली बघ ह्यानं." मला वाटतं त्या जागेबद्दल याच्यापेक्षा नेमकं मला लिहिता येणार नाही. आपल्याकडं देवस्थानाच्या इनाम जमिनी होत्याच की, पण किती ठिकाणी त्या जमिनीचं उत्पन्न आज ठरवलेल्या कामाला लागतंय हा प्रश्न मला तिथं बसून छळत होता आणि अजून छळतोय.

आता बागेबद्दल, कारण तासगावकरांना हेच विचारायचं असतं. तिकडं आपल्यासारखा वेल चढवायचा मांडव नाही, वाय आकाराचे तारांचे आधार नाहीत. जुन्या पद्धतीत प्रत्येक झाडाला स्वतंत्र खांब, आणि काड्या दोन बाजूंनी वाकवून बदामाच्या आकारात बांधतात. जमीन म्हणजे नुसती पाटीच्या दगडाची कपची, माती दिसतच नाही. ती कपची दिवसभर तापते आणि रात्री ऊब सोडते, नदीच्या पाण्याचाही आधार असतो, म्हणून एवढ्या उत्तरेला, थंड मुलखात रिझलिंग द्राक्ष पिकतं. ब्रेम गावाजवळचा काल्मोंट डोंगर तर ६५ अंशांपर्यंत चढाचा आहे, तिथं ट्रॅक्टर नाही, एका रुळावर चालणारी छोटी गाडी माणसं आणि माल वर नेते आणि तोडणी सगळी हातानं. "मग औषध कसं मारत्यात रं हितं?" आप्पांचा पहिला प्रश्न. हेलिकॉप्टरनं मारतात, आणि आता ड्रोननंही. कारण डाऊनी आणि भुरी हे द्राक्षाचे बुरशीचे रोग तिथंही आहेतच, पावसानं शेतकऱ्याची झोप तिथंही उडते. एका बागायतदाराच्या अंगणात बसलो तेव्हा आप्पांसाठी, माळकरी माणूस, ताज्या द्राक्षाचा रस मिळाला, आणि भाषा येत नसताना दोघं काडीची जाडी बोटांनी दाखवत इतका वेळ बोलत बसले की ताईला उठवून न्यावं लागलं.

मोझेलकाठच्याच कोखम गावचा किल्ला लांबून देखणा आहे, पण मूळचा फ्रेंच सैन्यानं १६८९ ला उडवला, आत्ताचा बर्लिनच्या एका श्रीमंत व्यापाऱ्यानं एकोणिसाव्या शतकात बांधलेला. मला किल्ल्यापेक्षा खालच्या गल्ल्यांमधल्या भिंती आवडल्या, पुराचं पाणी कुठवर आलं त्याच्या खुणा सालासकट केलेल्या. डिसेंबर १९९३ चा पूर तिथं सगळ्यांच्या तोंडी आहे. सांगलीच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. २००५, २०१९, २०२१, आणि २०१९ ला तर सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर पाणी. आपल्या प्रत्येक पूरपट्ट्यातल्या गल्लीत अशी दगडात कोरलेली खूण पाहिजे, रंगानं मारलेली नव्हे, कोरलेली, म्हणजे नवीन घर बांधणाऱ्याला कुणाला विचारावं लागणार नाही.

शेवटी कोब्लेन्झ, तिथं मोझेल ऱ्हाईनला मिळते. संगमावर घोड्यावरच्या कैसरचा, म्हणजे जर्मन सम्राटाचा, अवाढव्य पुतळा आहे, पण आप्पांना सांगलीजवळच्या हरिपूरचा कृष्णा-वारणेचा संगमच भारी वाटला, सावली आहे आणि देऊळ आहे म्हणून, आणि माझंही मत तेच.

कुणाला जायचं असेल तर फ्रँकफर्टहून कोब्लेन्झ आणि पुढं ट्रिअर रेल्वे आहे, कोखम त्याच लाईनवर. बर्नकास्टलला मात्र रेल्वे जात नाही, विटलिख किंवा ट्रिअरवरून बस घ्यायची. तोडणी सप्टेंबर-ऑक्टोबरला असते, नेमकी आपल्या छाटणीच्या गडबडीत, तेव्हा बाग बघणारं घरात कुणीतरी आधी ठरवून ठेवा. आणि कूसला अर्धा दिवस तरी द्याच.