माझ्या नंबरावरची चौथी जागा

कोविनवर, म्हणजे कोविड लसीच्या सरकारी नोंदणी पोर्टलवर, तेव्हा एका मोबाइल नंबरावर चौघांची नोंद करता यायची. माझ्या नंबरावर सासूबाई, हे आणि मी. चौथी जागा मी आमच्या मागच्या खोलीतल्या बाईंसाठी धरून ठेवली होती. एप्रिल २०२१ पासून थेट ऑगस्टपर्यंत.

बाई इंग्लंडच्या. वय ७१, जुना दमा. अकरा वर्षं दर हिवाळ्यात गोव्यात, मांद्र्याला आमच्याकडेच उतरायच्या. मार्च २०२० मध्ये विमानं बंद झाली आणि त्या इथेच राहिल्या. व्हिसाची मुदत सरकार वाढवत गेलं, त्याची काळजी नव्हती. उन्हाळ्यात त्या आणि सासूबाई ओसरीवर भिरंडं, म्हणजे कोकमाची फळं, फोडत बसायच्या. एकीला इंग्रजी येत नाही, दुसरीला मराठी, पण सोलांना मीठ किती लावायचं यावरून दोघींचं चांगलं वाजायचं.

एप्रिलात गोव्यात पंचायतींमधून टिका उत्सव सुरू झाला, पंचेचाळिशीच्या वरच्यांसाठी. मी दोघींना बरोबरच नेलं. सासूबाईंना कोविशील्ड टोचून अर्धा तास बसवून ठेवलं. बाईंचा पासपोर्ट मात्र टेबलावरच्या मुलाने उलटसुलट करून परत दिला. "आधार हवं, मॅडम. यांना मी कुठल्या रकान्यात भरू?" त्याचा चेहरा खरोखर ओशाळला होता. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आधी आपल्या माणसांचं होऊ दे."

ते बोलणं मला लागलं. लस अपुरी होती, हे मलाही दिसत होतं. पण बाई आमच्याच विहिरीचं पाणी पितात, आमच्याच ओसरीवर श्वास घेतात. त्यांना कोरोना झाला तर सासूबाईंना होणार, सासूबाईंना झाला तर शेजाऱ्यांना. आपली माणसं म्हणजे मग कोण? आणि ही लस तर त्यांच्याच देशात, ऑक्सफर्डला शोधलेली आणि आपल्या पुण्यात तयार झालेली. बाईंच्या बहिणीला तिकडे फेब्रुवारीतच पहिला डोस मिळाला होता. तिकडे सत्तरीच्या वरच्यांना १५ फेब्रुवारीपर्यंत लस देऊ केली होती.

परत जावं, तर २३ एप्रिलला ब्रिटनने भारताला लाल यादीत टाकलं. उतरल्यावर दहा दिवस हॉटेलात, खर्च १,७५० पौंड. पेन्शनवर जगणाऱ्या बाईंनी ते कुठून आणायचे?

९ मेपासून कर्फ्यू. ऑक्सिजनच्या बातम्या ऐकवत नव्हत्या. १६ तारखेला तौक्ते चक्रीवादळ आलं, आमच्या आवारातला माड विजेच्या तारांवर पडला आणि तीन दिवस वीज नाही. बाईंचं नेब्युलायझर बंद. रात्री त्यांची घरघर भिंतीपलीकडून ऐकू यायची. मी नळकांडं लावून पंप द्यायची, पाठीशी उशा रचायची. तोंडाला मास्क होता, पण हात थरथरत होते. हा साधा दमा की कोरोना, हे कसं ओळखायचं? पहाटे श्वास मोकळा झाला तेव्हा सासूबाई दाराबाहेरच खुर्ची टाकून झोपलेल्या दिसल्या.

वर्षात १८२ दिवस इथे राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार काढता येतं, असं कुणी तरी सुचवलं. पण जवळचं केंद्र बंद होतं. जून गेला, जुलै गेला. सासूबाईंचा दुसरा डोसही झाला.

९ ऑगस्टला आरोग्य मंत्रालयाने जाहीर केलं, भारतात राहणाऱ्या परदेशी नागरिकांना पासपोर्ट दाखवून कोविनवर नोंद करता येईल. मी त्याच संध्याकाळी बसले. ओटीपी आला, ओळखपत्राच्या जागी पासपोर्ट निवडला आणि माझ्या नंबराखाली चौथं नाव उमटलं. बाईंनी फोन हातात घेऊन ते नाव दोनदा वाचलं.

१४ ऑगस्टला पहिला डोस. पुढचा ८४ दिवसांनी, म्हणजे मोजून भाऊबिजेला. सणाचं आटोपलं आणि गेलो. या खेपेला टेबलावर एक मुलगी होती. तिने पासपोर्ट उघडला, नंबर ताडून पाहिला आणि आत पाठवलं. एवढंच.

सासूबाई बाईंची पर्स मांडीवर घेऊन बाहेर बसून होत्या. येताना त्यांनी डब्यात गुळाचे फोव, म्हणजे पोहे, घेतले होते. त्या अर्ध्या तासात बाईंनी ते सगळे संपवले.