लिंबाची शाई: तिसरी फेरी

लिंबाच्या रसाने लिहिलेली अक्षरं वाळली की दिसेनाशी होतात आणि कागद तापवला की उमटतात; तोच प्रयोग मी करतोय. रविवारी पहिल्यांदाच असा मजकूर सलग वाचता आला. कागदी लिंबाचा रस दोनदा गाळून घेतला, टाकाला नवी निब लावली आणि साध्या शाईतल्या पत्राच्या ओळींमधल्या जागेत लिहिलं. मागच्या खेपेला इस्त्री फार तापल्याने अख्खा कागद करपला होता. या वेळी वर सुती फडकं घालून थोडं थोडं टेकवत गेलो. अक्षरं तपकिरी, ठसठशीत उमटली.

पण कागद खिडकीपाशी तिरपा धरला की इस्त्रीआधीच निबचे ओरखडे दिसतात. ते काही केल्या जात नाहीत.

हे सगळं चाललंय ते कार्ल म्युलरपायी. पहिल्या महायुद्धात, 1915 च्या सुरुवातीला जर्मनांनी ब्रिटनमध्ये पाठवलेला हा हेर रॉटरडॅमच्या पत्त्यावर इंग्रजीत साधी पत्रं लिहायचा, ओळींच्या मध्ये लिंबाच्या रसाने खरी बातमी. टपाल तपासणाऱ्यांनी पत्रं अडवली, कागद गरम केला. त्यातल्या एका पत्रात ‘सी (C, एका माणसाचं आद्याक्षर) न्यूकॅसलला गेला आहे, म्हणून मी 201 मधून लिहितोय’ अशा अर्थाची ओळ निघाली. पत्रावर शिक्का लंडनमधल्या डेटफर्डचा. पोलिसांनी तिथल्या हाय स्ट्रीटवरचं 201 नंबरचं घर गाठलं. ती जॉन हान या बेकरीवाल्याची जागा होती! मला या प्रकरणात सगळ्यात जास्त हीच ओळ खिळवून ठेवते. शाई कितीही चांगली असती तरी त्या घरक्रमांकाने घात केलाच असता.

तिथून माग काढत पोलीस म्युलरपर्यंत पोचले. त्याच्याकडे लिंबू सापडलं. दात घासायला ठेवलंय, असं त्याचं म्हणणं. तज्ज्ञांना मात्र त्याच्या निबवर लिंबाचे अंश मिळाले. हानला सात वर्षांची शिक्षा झाली. म्युलरला 23 जून 1915 रोजी लंडनच्या टॉवरमध्ये गोळ्या घातल्या. त्यानंतरही ब्रिटिश हेरखातं त्याच्या नावाने पत्रं पाठवत राहिलं, जर्मनांकडून पैसे येत राहिले आणि त्यातून घेतलेल्या मोटारीला नाव दिलं ‘म्युलर’. खटल्यातलं ते लिंबू, आता काळं पडून सुकलेलं, लंडनच्या क्यू भागातल्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे.

पुढच्या फेरीत निबऐवजी बोरू घेणार, रसात थोडं पाणी घालणार. रविवारची निब न पुसता डबीत ठेवली आहे. एका मित्राकडच्या सूक्ष्मदर्शकाखाली तिच्यावर काय दिसतं ते बघायचंय.