अर्धवट राहिलेलं क्रोशाचं काम

क्रोशा करणाऱ्या प्रत्येकीच्या कपाटात एक पिशवी असतेच. तिच्यात निम्मा झालेला टेबलाचा रुमाल असतो, एकच मोजा असतो, नाहीतर अकरा चौकोनांवर थांबलेलं दुपटं असतं. ती पिशवी तीन महिन्यांनी उघडली की सुई कोणती वापरली होती ते आठवत नाही, ओळ कितवी ते कळत नाही, आणि पाच-दहा टाके घातले की नवा भाग जुन्यापेक्षा घट्ट दिसायला लागतो. मग पिशवी पुन्हा आत जाते. म्हणून पसारा आवरायला घेताना रंगीत डबे आणण्याआधी एकच गोष्ट साधायची: थांबलेलं काम पाच मिनिटांत, होतं तिथूनच पुढे सुरू करता आलं पाहिजे.

त्यासाठी एका कामाला एक पिशवी ठेवा. तिच्यात विणलेला भाग, चालू गुंडा, त्याच कामाची सुई, कात्री, बोथट टोकाची मोठ्या नेढ्याची सुई आणि एक चिठ्ठी एवढंच. क्रोशाची सुई दुसऱ्या कामासाठी काढून न्यायची नाही. ४ मिमीची सुई दोन कामांना लागत असेल तर सरळ दोन सुया घ्या, कारण एकाच मापाच्या दोन कंपन्यांच्या सुयांचं टोक वेगळं असतं आणि हाताचा ताणही त्याप्रमाणे बदलतो.

चिठ्ठीवर सुरू केल्याची तारीख, सुईचं माप मिलिमीटरमध्ये, लोकरीचं नाव, शेड नंबर, लॉट नंबर (एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीला दिलेला नंबर), एका ओळीत टाके किती आणि नमुन्यात आपण काय बदललं ते लिहा. त्याखाली दर वेळी पेन्सिलीने शेवटची पूर्ण झालेली ओळ आणि ‘पुढे काय’ हे चार शब्दांत लिहायचं: ‘१७ झाली, १८ला कोपऱ्यात वाढ’ (वाढ म्हणजे एकाच टाक्यात एकापेक्षा जास्त टाके). ओळीच्या मध्ये थांबावं लागलं तर शेवटचा फास बोटभर लांब ओढून त्यात सेफ्टी पिन अडकवा. सुई फासात तशीच ठेवली तर ती पिशवीत निसटते आणि काम उसवतं.

आता लोकर आणि दोरा. बहुतेकजणी रंगाप्रमाणे लावून ठेवतात. ते दिसायला फार सुंदर, पण विणायला बसलं की उपयोग होत नाही. आधी धाग्याचा प्रकार, मग जाडी, मग रंग असं लावा. सुती, ॲक्रिलिक आणि खरी लोकर वेगवेगळ्या डब्यांत हवी. सुती आणि ॲक्रिलिक एकाच वस्तूत मिसळले तर पहिल्या दोन-तीन धुण्यांत सुती भाग आटतो, ॲक्रिलिक आहे तेवढंच राहतं आणि जोडावर चुण्या पडतात.

जाडी सांगताना ‘४ प्लाय’, ‘८ प्लाय’ या शब्दांवर विसंबू नका. प्लाय म्हणजे किती पदर एकत्र पिळले आहेत ती संख्या, आणि पदरच बारीक असेल तर चार पदरही बारीकच होणार. लेबलावर १०० ग्रॅममध्ये किती मीटर ते बघा. लेबल हरवलं असेल तर धागा पट्टीवर न ताणता, शेजारी-शेजारी गुंडाळा आणि एका इंचात किती वेढे बसतात ते मोजा. साधारण ९ वेढे बसले तर ५ मिमीची सुई, ११ बसले तर ४ मिमी आणि १४ बसले तर ३ मिमीच्या आसपासची सुई घेऊन छोटा तुकडा विणून बघा. क्रोशाच्या सुती दोऱ्याचं गणित वेगळं असतं: १०, २०, ४० यांत नंबर जेवढा मोठा तेवढा दोरा बारीक. २० नंबरला साधारण १.२५ ते १.५ मिमीची सुई चालते.

बिनलेबलाचा धागा कशाचा आहे हे कळत नसेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून, खाली स्टीलची ताटली आणि शेजारी पाणी ठेवून जाळा. सुती धाग्याला कागद जळल्याचा वास येतो आणि मऊ राख पडते. खऱ्या लोकरीला केस जळल्याचा वास येतो आणि काळा गोळा बोटांनी चुरडतो. ॲक्रिलिक वितळतं आणि गार झाल्यावर कडक मणी राहतो. (मणी पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका.)

लेबल फेकू नका. एका वहीत प्रत्येक लोकरीचं लेबल आणि वीतभर धागा स्टेपल करून ठेवला, शेजारी खरेदीची तारीख आणि उरलेलं वजन लिहिलं, की नवी लोकर आणायच्या आधी घरात काय आहे ते दिसतं. शेड नंबर तोच पण लॉट नंबर वेगळा असेल तर दुकानाच्या दिव्यात फरक कळत नाही, घरी उन्हात मात्र विणलेल्या पट्ट्यावर रेघ मारल्यासारखा दिसतो. पूर्ण कामाची लोकर एकदमच घ्यावी. नाइलाज झाला तर जुना लॉट संपायच्या आधीच दोन ओळी जुन्या, दोन ओळी नव्या अशा आळीपाळीने विणा. फरक मिसळून जातो.

किती लोकर लागेल हे स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर काढता येतं. दुपट्यासाठी चौकोन विणायचे असतील तर आधी चार विणा आणि चारही एकत्र तोला, कारण घरगुती काट्यात ग्रॅमभर इकडेतिकडे होतं. चारांचं वजन ३६ ग्रॅम भरलं तर एक चौकोन ९ ग्रॅमचा. ६ गुणिले ८ म्हणजे ४८ चौकोनांना ४३२ ग्रॅम, त्यावर जोडणी आणि काठासाठी १५ टक्के धरले की सुमारे ५०० ग्रॅम. १०० ग्रॅमचे पाच गुंडे अगदी काठोकाठ होतात, सहा घ्या. हाच काटा गुंडा संपत आल्यावरही कामी येतो. एका ओळीला ७ ग्रॅम लागतात आणि गुंड्यात १२ उरलेत, म्हणजे एक ओळ पुरेल, पुढची नव्या गुंड्याने काठावरून सुरू करायची. ओळीच्या मध्ये जोड येत नाही.

लडी आणली असेल तर तिच्यातूनच विणायला बसू नका, पाच मिनिटांत गुंता होतो. लडी खुर्चीच्या पाठीवर चढवा, बांधलेले दोरे कापा आणि गुंडा करा. गुंडा करताना तीन बोटांवरून धागा गुंडाळायचा आणि मधूनमधून बोटं काढून घ्यायची, म्हणजे गुंडा सैल राहतो. घट्ट गुंड्यात लोकर ताणलेली राहते, त्याच अवस्थेत विणली जाते आणि धुतल्यावर तो ताण सुटून वस्तू आखूड होते. टोपडं मापाला बरोबर विणलं तरी पहिल्या धुण्यानंतर घट्ट का झालं, याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

पावसाळा हा या छंदाचा खरा शत्रू. कोकणात आणि मुंबईत जून ते सप्टेंबर सुती दोऱ्याला कुबट वास येतो, काळे ठिपके पडतात. यावर घट्ट बंद प्लास्टिकची पिशवी हा उपाय सगळे करतात आणि तोच नडतो, कारण भर पावसात पिशवी बंद केली तर दमट हवाही आतच कोंडली जाते. मे महिन्यात सगळा साठा सावलीतल्या उन्हाळी वाऱ्यावर दिवसभर पसरा (थेट उन्हात गडद रंग उडतात), मग कोरड्या दिवशी सुती पिशव्यांत घाला आणि त्या झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. खऱ्या लोकरीला कसर लागते, ॲक्रिलिकला ती खात नाही. शंका असलेला गुंडा प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवावा आणि बाहेर काढल्यावर घरच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर लोकरीवर पाणी सुटतं. लहान बाळाच्या वस्तूंत डांबराच्या गोळ्या ठेवू नका.

खळ दिलेले रुमाल आणि तोरणं यांचंही इथेच सांगते. झुरळं आणि कसर खळीवर येतात, म्हणून ठेवणीत टाकताना खळ धुऊन काढा आणि वापरायच्या आदल्या दिवशी पुन्हा द्या. एक कप पाण्यात एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर आधी गार पाण्यातच कालवून, ढवळत, पारदर्शक होईपर्यंत शिजवा आणि गाळा. वस्तू त्यात बुडवून टॉवेलमध्ये दाबा, जाड पुठ्ठ्यावर प्लास्टिक पसरून त्यावर टाचण्यांनी आकार देऊन वाळवा. टाचण्या न गंजणाऱ्या हव्यात. ताटाभोवतीची महिरप किंवा क्रोशाची रांगोळी यानेच बसते. ॲक्रिलिकला मात्र इस्त्री टेकवू नका. उष्णतेने ते लुळं पडतं आणि मूळचा फुगीरपणा कधीच परत येत नाही.

सुयांसाठी मुलांची जुनी कंपास पेटी उत्तम. बारीक स्टीलच्या सुयांवरचा नंबर मोठा म्हणजे सुई बारीक, पण अमेरिकी अक्षरांत पुढचं अक्षर म्हणजे जाड सुई; म्हणून डोक्यात फक्त मिलिमीटर ठेवा. ठसा झिजत असेल तर दांड्यावर नेलपॉलिशचे पट्टे ओढा आणि त्याची खूण झाकणाच्या आत लिहा. टोक दोऱ्याला अडकत असेल तर १००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकं घासा.

नमुने व्हिडिओवरून घेणाऱ्यांनी एक गोष्ट कायमची लक्षात ठेवावी. आपला मुका खांब, म्हणजे बुटका टाका, अमेरिकेत ‘सिंगल क्रोशे’, तर ब्रिटनमध्ये ‘डबल क्रोशे’ म्हणून ओळखला जातो. आपल्या खांबाला, म्हणजे त्याहून उंच टाक्याला, अमेरिकी ‘डबल’ म्हणतात, ब्रिटिश ‘ट्रेबल’. नमुन्यात ‘सिंगल’ हा शब्द कुठेही आला की तो अमेरिकी. हे न बघता सुरू केलेलं काम दुप्पट उंच किंवा निम्मं बुटकं होतं आणि दोष आपल्या हाताला दिला जातो.

काम कंटाळवाणं होण्याचं आणखी एक कारण म्हणजे उसवणं, आणि तेही नेहमीच्या तीन-चार चुकांमुळे. पट्टा वर निमुळता होत असेल तर शेवटचा टाका सुटतोय. खांबाच्या ओळीत सुरुवातीच्या तीन साखळ्या हाच पहिला खांब, त्यामुळे दुसरा खांब पुढच्या टाक्यात घालायचा आणि परत येताना शेवटचा खांब त्या तिसऱ्या साखळीत घालायचा. तिसऱ्या साखळीत लगेच रंगीत पिन लावली की ती सुटत नाही. खालचा काठ आत ओढला जात असेल तर पायाच्या साखळ्या घट्ट आहेत. तेवढ्यापुरती अर्ध्या किंवा एका मिमीने मोठी सुई घ्या. गोल रुमालाला झालर पडायला लागली म्हणजे वाढी जास्त झाल्या, वाटी व्हायला लागली म्हणजे कमी पडल्या. खांबांचा सपाट गोल दर फेरीला साधारण १२, २४, ३६ टाके असा वाढतो, मुक्या खांबांचा ६, १२, १८ असा.

अंगावर घालायच्या वस्तूला नमुना-तुकडा टाळू नका. १५ सेंटिमीटरचा चौकोन विणा, धुवा, वाळवा आणि मधल्या १० सेंटिमीटरमध्ये टाके मोजा. नमुन्यात १८ हवेत आणि तुमचे १६ येतात, हा फरक छोटा वाटतो, पण ५० सेंटिमीटरसाठी सांगितलेले ९० टाके तुमच्या हातात ५६ सेंटिमीटर होतात. बाळाचा स्वेटर मोठ्या भावाला बसेल एवढा होतो. टाके कमी येत असतील तर सुई अर्ध्या मिमीने बारीक करा. हात आवळून विणू नका, कारण तो ताण शेवटपर्यंत टिकत नाही.

एका वेळी तीनच कामं चालू ठेवावीत, असं मला ठामपणे वाटतं. एक न मोजता जमणारं, गप्पा मारताना किंवा लोकलमध्ये बसून विणायचं, म्हणजे छोटे चौकोन किंवा सरळ ओळी. दुसरं बारीक दोऱ्याचं, ज्याला दिवसाचा उजेड आणि शांतता लागते. तिसरं दोन बैठकींत संपणारं, फूल किंवा किल्लीचा लटकन. बारीक काम रात्री किंवा काळ्या दोऱ्याने करू नये. करावंच लागलं तर मांडीवर पांढरा पंचा पसरा, टाक्यांच्या फटी दिसतात. दर अर्ध्या तासाने सुई खाली ठेवून मूठ उघडझाप करा आणि कोपराखाली उशी घ्या. अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं तर त्या दिवशी थांबायचं.

टोकं शेवटी लपवू म्हणून सोडली की पूर्ण झालेलं दुपटंही महिनोन्‌महिने पडून राहतं. दर बैठकीच्या शेवटी त्या दिवसाची टोकं ओवून टाका. टोक १५ सेंटिमीटर ठेवा, आधी एका दिशेला, मग उलट, मग पुन्हा पहिल्या दिशेला असं तीनदा फिरवा, कापड थोडं ताणा आणि मगच कापा. नुसती गाठ धुण्यात सुटते. बाळंतविड्यातल्या मोज्यांच्या आतली टोकं तर दोनदा तपासा: सुटलेला धागा बाळाच्या पायाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा अडवू शकतो. मोजा उलटा करून आत आपलं बोट फिरवा, काही अडकलं तर ते टोक पुन्हा ओवून घ्या.