पुढून दुसरा मजला, मागून तळघर

फ्लॅट बघायला गेलो तेव्हा संध्याकाळ होती, ब्रोकरने सरळ बाल्कनीत नेऊन उभं केलं आणि खाली सगळं शहर पसरलेलं, दिवे लागायला सुरुवात झालेली, मग काय, तिथेच विकेट पडली. टेकडीवरच्या भागात घर भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाची अशीच पडत असणार. मागच्या बेडरूममध्ये मी जेमतेम डोकावलो. तिथली खिडकी उघडल्यावर हातभर अंतरावर दगडी भिंत दिसते हे सामान आणल्यावर लक्षात आलं.

म्हणजे झालं काय, की बिल्डिंग उतारावर आहे. पुढून मोजलं तर आमचा दुसरा मजला, मागून मात्र डोंगर कापून, माती अडवायला बांधलेल्या रिटेनिंग वॉलच्या पायथ्याशी, ऊन नाही वारा नाही. पहिल्या जोरदार पावसानंतर आठवड्याभरात कपाट सरकवलं तर मागे पांढरी खारट भुकटी आणि पोपडे. आता ही ओल वरून गळत नाही, पाणी डोंगरातून मुरत येतं. अशा रिटेनिंग वॉलमध्ये पाणी बाहेर पडायला ओळीने भोकं ठेवलेली असतात, ती माती-पाल्याने बुजली की पाणी मागे साचतं, भिंतीवर दाब वाढतो आणि मग ते वाट मिळेल तिथून येतं. आमच्याकडची निम्मी तरी बुजलेली होती, एका भोकातून तर चक्क रोपटं उगवलेलं! घर बघताना बाल्कनी दोन मिनिटं कमी बघा पण मागे जाऊन ही भोकं बघा, जमलं तर पाऊस पडून गेल्यावरच जा.

दुसरं म्हणजे तो मॅप. बसस्टॉप 400 मीटर दाखवतो, पण चढ कुठे दाखवतो? 1892 साली विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने डोंगरात चालण्याचा एक हिशोब मांडला होता, तासाला साधारण 5 किलोमीटर धरायचे आणि दर 600 मीटर चढाईला एक तास वाढवायचा, म्हणजे 10 मीटर चढलं की एक मिनिट. स्टॉपपासून आमच्या दारापर्यंत 40 मीटरचा तरी चढ आहे, म्हणजे पाचाची झाली नऊ मिनिटं, आणि तीही रिकाम्या हाताने. दोन पिशव्या असल्या की नेस्मिथसाहेबांना राम राम.

पाण्याचंही तसंच, दर 10 मीटर उंचीला साधारण 1 बार प्रेशर कमी होतं, त्यामुळे एकाच लाइनवर खालच्या गल्लीत नळ फवारतो आणि वरच्या गल्लीत करंगळीएवढी धार. शॉवर चालू करून बघायला लाजू नका.

टेम्पो तर शेवटचं वळण घेईच ना. फ्रिज तिघांनी पायऱ्यांवरून वर आणला, मी मागून उगाच 'सांभाळून, सांभाळून' करत.

आता ॲग्रीमेंट रिन्यू करायचंय. बेड पुढच्या खोलीत आलाय, कपाट भिंतीपासून वीतभर लांब आहे. मालक परवा येऊन म्हणाले, मागची खोली नवीन रंग मारून देतो. म्हटलं काका, रंग राहू दे, आधी ते रोपटं उपटा.