फोर्लीत वॉर सिमेट्री दोन आहेत, टॅक्सीत बसण्याआधी हे वाचा

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते. इटलीतल्या फोर्ली शहरात दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या कॉमनवेल्थच्या, म्हणजे ब्रिटनच्या बाजूने लढलेल्या, सैनिकांच्या दोन सिमेट्री आहेत. एक दक्षिणेला वेक्क्यात्सानोत आणि दुसरी रावेन्नाकडे जाणाऱ्या व्हिया रावेन्याना रस्त्यावर. घरातला भारतीय जवान शोधायला गेलेल्या आपल्याला हवी असते ती दुसरी, ‘इंडियन आर्मी वॉर सिमेट्री’. नुसतं ‘वॉर सिमेट्री’ म्हणालात तर टॅक्सीवाला पहिलीकडे नेतो आणि मीटरकडे बघत खुशाल बसून राहतो.

आम्ही शोधत होतो माझ्या आजोबांच्या धाकट्या भावाला. भोर तालुक्यातून भरती झाले, पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये होते, आणि एप्रिल १९४५ मध्ये इटलीत सेनिओ नदीवरच्या लढाईत मारले गेले. घरात एवढंच माहीत होतं की ‘अण्णा इटलीत राहिला’. एक इटली स्टार, म्हणजे इटलीतल्या मोहिमेचं पदक, आणि कडेला सैनिकाचा नंबर कोरलेलं एक मेडल, एवढ्यावर आमचा शोध सुरू झाला. तुमच्या घरात असं काही असेल तर पॉलिश करू नका, आधी भिंग लावून कडा बघा. नाव पुढे कागदोपत्री बदलतं, नंबर बदलत नाही.

पुण्यात मिळालेल्या सल्ल्यांपैकी निम्मे वाया गेले. एका जाणत्या गृहस्थांनी छातीठोकपणे सांगितलं, ‘खडकीला जा, सगळी नावं तिथेच आहेत.’ नाहीत. खडकीच्या सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १,६६८ समाधी आहेत. जागा सुंदर ठेवलेली आहे, एकदा जरूर बघा, पण परदेशात पडलेल्याचं नाव त्या त्या देशात असतं. दुसऱ्याने पेशवे दफ्तर सुचवलं. तिथे बाजीरावाच्या घोड्यांच्या चंदीचा हिशेब मिळेल, १९४५ चा शिपाई मिळणार नाही. तिसरा ‘पूर्वज शोधून देतो’ म्हणणारा. त्याने आठ हजार रुपये घेतले आणि या सिमेट्री सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटवरचं पान छापून हातात ठेवलं. ते पान घरबसल्या फुकट निघतं. कुणालाही एक रुपया देऊ नका.

शोधताना स्पेलिंगचा घोळ लक्षात ठेवा. रेजिमेंट जुन्या पद्धतीने ‘मह्रट्टा’ म्हणून लिहिलेली असते, पुणे ‘पूना’ असतं, रायगड ‘कुलाबा’ असतं. आडनाव कधी असतं, कधी वडिलांचं नाव त्या जागी बसवलेलं असतं. नशीब चांगलं असेल तर आईवडिलांची नावं आणि गावही मिळतं. आमच्या गावाचं नाव इतकं विचित्र लिहिलं होतं की मोठ्याने वाचल्यावरच ओळखलं. मराठा लाइट इन्फंट्रीच्या बेळगावच्या रेजिमेंटल सेंटरला लेखी पत्र टाका, पण उत्तरासाठी प्रवास अडवून ठेवू नका.

आता तो दिवस. बोलोन्याहून फोर्लीला ट्रेन आहे, ते सोपं आहे. जुलैचं ऊन, मी आणि माझा चुलतभाऊ. टॅक्सीने वेक्क्यात्सानोला सोडलं. ओळीने पांढरे दगड, सगळे इंग्लंडमधल्या रेजिमेंटांचे. दादा दोन-तीन ओळी चालून आला आणि म्हणाला, ‘अगं, इथे आपलं कुणीच दिसत नाही.’ टॅक्सीवाल्याला फोनवर नकाशा दाखवला तर तो म्हणाला ते शहराच्या दुसऱ्या टोकाला, भाडं वेगळं. एकूण ६५ युरो मागितले. रुपयात किती होतात ते मी मुद्दाम केलं नाही. आम्ही शहरापर्यंतचे पैसे दिले आणि पुढे चालत निघालो.

हे चालणं कुणी करू नये. मी सिंहगड दर रविवारी चढते, दम हा प्रश्न नव्हता. रावेन्नाच्या त्या रस्त्यावर फूटपाथ मध्येच संपतो आणि ट्रक कोपराला घासून जातात. सावली नाही. शहराची मोठी स्मशानभूमी लागली तेव्हा पोहोचलो असं वाटलं, पण तीही आपली नव्हे, अजून पुढे जायचं. दोघांत एकच पाण्याची बाटली होती, ती तिथेच संपली. दुपारी दुकानं बंद. सकाळी आठला निघा किंवा थेट पत्ता दाखवून भाडं आधी ठरवा. जुलै-ऑगस्टमध्ये जाऊच नका. ऑक्टोबरमध्ये जा, महाग पडलं तरी.

फाटकातून आत शिरल्यावर समाधींच्या ओळींत शोधत बसू नका. दफन झालेल्यांचे दगड वेगळे. हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, त्यांची नावं तिथल्या क्रिमेशन मेमोरियलवर आहेत, जवळजवळ ८०० जणांची. आधी ऑनलाइन नोंद काढून ठेवली असेल तर नाव पाच मिनिटांत सापडतं. आम्हाला सापडलं. स्पेलिंग चुकलेलं, पण नंबर तोच, मेडलवरचा. दादाने बोट ठेवलं आणि मग आम्ही दोघंही बराच वेळ काहीही कामाचं बोललो नाही. त्या क्षणी माझं मत असं झालं की पैसे नसतील तर कर्ज काढा, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या हयातीत हे करून या. आजही मत बदललेलं नाही. भोरची माती नेली होती, ती वाहिली. विमानतळावर कुणी विचारलं नाही, पण युरोपियन युनियनमध्ये बाहेरून माती न्यायला मनाई आहे, तुम्ही नेऊ नका.

दुसऱ्या दिवशी आल्फोन्सिनेला सेनिओच्या लढाईचं म्युझियम पाहिलं आणि नदीकाठी फिरलो. छान होतं, त्यावर लिहिण्यासारखं विशेष नाही. एवढं मात्र बघा, की नदी आपल्या ओढ्याएवढी आहे, पण दोन्ही काठांना पूर अडवायला घातलेले मातीचे उंच बांध आहेत. त्यावर चढून पाहिल्याशिवाय ९ एप्रिल १९४५ ची लढाई समजत नाही. जर्मन मशिनगनी त्या बांधांत होत्या. कंपनी रनर, म्हणजे निरोप पोहोचवणारे शिपाई, नामदेव जाधव दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून मागे घेऊन आले, मग मशिनगनच्या तीन चौक्या उडवल्या आणि बांधावर उभं राहून गर्जना करत बाकीच्यांना पलीकडे बोलावलं. व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला. नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचे ते, पुढे १९८४ मध्ये पुण्यातच वारले. आमचे अण्णा त्यांच्याच बटालियनचे.

तुमचे पूर्वज याच रेजिमेंटच्या तिसऱ्या बटालियनमध्ये असतील तर फोर्लीआधी मध्य इटलीतल्या मोंतोने गावाचा विचार करा. माणगावकडचे यशवंत घाडगे, त्यांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, १० जुलै १९४४ ला त्या भागात पडले, आणि २०२३ मध्ये तिथे त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक उभं राहिलं. त्यांचं नाव मात्र रोमच्या दक्षिणेकडच्या कसिनोच्या स्मारकावर आहे, कारण समाधी नाही. म्हणजे दोन्हीकडे जावं लागेल, आणि दोन्ही जागा एकमेकींपासून लांब आहेत. आम्ही मोंतोने गाळलं. दादाच्या टाचांना फोड आले होते आणि आणखी एका टॅक्सीवाल्याशी हुज्जत घालायची माझी तयारी नव्हती.